बिनविरोधाचा मोह

इंदूर लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी ४ जून २०२४ रोजी झाली आणि भारतीय जनता पक्षाचे शंकर लालवानी हे ११,७५,०९२ मतांच्या आधिक्याने निवडून आल्याचे घोषित झाले. लोकसभेच्या निवडणुकांना प्रारंभ झाल्यापासून एवढे मताधिक्य तोवर कोणाच्याही वाट्यास आलेले नव्हते. साहजिकच या आकड्याचे पोवाडे गायिले गेले. स्वच्छतेत पहिले येणारे शहर मताधिक्यातही पहिले आले, असा सूर लागला, आणि त्या सुरात आमच्या माळव्यातील मराठी मंडळींनीही आपला सूर मिसळला. आम्हांस मात्र या आकड्याचा अभिमान वाटत नाही. इंदूरच्या सार्वजनिक जीवनात याहून मोठा आणि याहून पोकळ आकडा आजवर नोंदला गेलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते का, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथमच एक गोष्ट सांगून टाकतो. आम्ही कोणत्याही पक्षाचे वकीलपत्र घेतलेले नाही. लालवानी यांच्याऐवजी अन्य कोणी निवडून यावयास हवे होते, असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार विजयाविषयी नसून लढतीच्या अभावाविषयी आहे.

मताधिक्य म्हणजे काय? ती एक साधी वजाबाकी आहे. विजयी उमेदवाराच्या मतांतून त्याच्या पाठोपाठ असलेल्याची मते वजा केली की जे उरते त्यास मताधिक्य म्हणतात. तेव्हा वजाबाकीत खालचा आकडा कोणाचा, हे पाहिल्याशिवाय उत्तरास काहीच अर्थ नसतो. इंदुरात वरचा आकडा १२,२६,७५१ होता. खालचा आकडा बहुजन समाज पक्षाच्या उमेदवाराचा, तो ५१,६५९. जो पक्ष या शहरात कधी मुख्य स्पर्धक नव्हता, त्याचा उमेदवार दुसरा आला, आणि पराभूतांपैकी एकासही अनामत रक्कम वाचविण्याइतकी मते मिळाली नाहीत. याच निवडणुकीत आसामातील धुबरी येथे काँग्रेसचे रकीबुल हुसेन १०,१२,४७६ मतांनी विजयी झाले. त्यांच्यासमोर बद्रुद्दीन अजमल हे विद्यमान खासदार आणि एका पक्षाचे सर्वेसर्वा उभे होते. धुबरीचा आकडा इंदूरच्या आकड्याहून लहान आहे, परंतु तो कमावलेला आहे. इंदूरचा आकडा कमावलेला नाही. समोरचा माणूस मैदानातून नाहीसा झाल्यामुळे तो पदरात पडला.

तो नाहीसा कसा झाला, हे आता सर्वश्रुत आहे. काँग्रेसने अक्षय कांति बम यांस उमेदवारी दिली होती. अर्ज मागे घेण्याची अखेरची तारीख २९ एप्रिल २०२४ ही होती. त्या दिवशी बम यांनी आपला अर्ज मागे घेतला आणि ज्या पक्षाविरुद्ध ते उभे होते त्याच पक्षात ते दाखल झाले. काँग्रेसने एक पर्यायी उमेदवार दिलेला होता, परंतु त्याचा अर्ज छाननीतच बाद झालेला होता. त्याने उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे धाव घेतली, तेथेही त्यास दाद मिळाली नाही. अशा रीतीने देशातील एक प्रमुख पक्ष, जो या शहरात पाच वर्षांपूर्वी ५,२०,८१५ मते मिळवून गेला होता, तो मतपत्रिकेवरूनच पुसला गेला. बम यांनी असे का केले, हे त्यांचे त्यांना ठाऊक. त्या अंतरंगात शिरण्याचे आम्हांस कारण नाही. पंचवीस लाखांच्या आसपास मतदार असलेल्या मतदारसंघाची निवड एका माणसाच्या एका सहीने बदलू शकते, एवढीच गोष्ट आम्हांस भयंकर वाटते.

हे घडले ते कोणत्या शहरात, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यातील हानी कळावयाची नाही. इंदूर हे राजेरजवाड्यांचे शहर खरे. परंतु स्वातंत्र्यानंतर ते कोणाचे वतन होऊन राहिले नाही. १९५२ आणि १९५७ या पहिल्या दोन निवडणुका, देशभरातील रीतीप्रमाणे, काँग्रेसने जिंकल्या. तिसऱ्या वेळी, १९६२ साली, पंडित नेहरू पंतप्रधान असताना आणि काँग्रेसचा दरारा अद्याप कायम असताना, इंदुराने होमी दाजी यांस निवडून दिले. दाजी हे पारशी. शहरात त्यांच्या जातिबांधवांची मते मोजावयास हाताची बोटे नसली तरी फार मोठी वहीही लागली नसती. ते वकील होते, कम्युनिस्ट होते, आणि अपक्ष म्हणून उभे होते. त्यांच्यामागे होते ते गिरण्यांचे भोंगे. हुकुमचंद, माळवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या गिरण्यांतील कामगारांनी एका पारशी वकिलास दिल्लीस पाठविले. हा विजय जातीच्या गणिताने झाला नाही, धर्माच्या गणिताने झाला नाही आणि पैशाच्या गणिताने तर नाहीच नाही.

पुढे १९६७ साली काँग्रेसचे प्रकाशचंद्र सेठी आले. १९७१ साली ते पुन्हा निवडून आले. १९७२ साली ते मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. आणीबाणीनंतर १९७७ साली याच शहराने जनता पक्षाचे कल्याण जैन यांस निवडून देऊन काँग्रेसला घरी बसविले. तीनच वर्षांनी, १९८० साली, सेठींना पुन्हा बोलाविले. १९८४ साली पुन्हा एकदा त्यांनाच कौल दिला. सेठी देशाचे गृहमंत्री होऊन गेलेले. आणि अशा या मातब्बर पुढाऱ्यास १९८९ साली सुमित्रा महाजन यांनी एक लाखाहून अधिक मतांनी पाडले.

महाजन यांची कथा आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नको. चिपळूणची साठ्यांची मुलगी लग्न होऊन इंदुरास आली, महापालिकेत शिरली, उपमहापौर झाली. १९८५ साली विधानसभेस उभी राहिली आणि हरली. हे हरणे आम्ही मुद्दाम नोंदवितो. चार वर्षांनी ज्यांनी एका माजी गृहमंत्र्यास धूळ चारली, त्यांनी आधी आपल्याच गल्लीबोळांत पराभव पचविलेला होता. तेथून पुढे १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे ओळीने विजय. एकाच मतदारसंघातून एकाच पक्षातर्फे आठ वेळा. आणि अखेरीस लोकसभेचे अध्यक्षपद. अवघे शहर त्यांस 'ताई' म्हणू लागले.

परंतु या आठ विजयांची रांग पाहून जे असे समजतात की १९८९ नंतर इंदुरात लढत उरलीच नव्हती, त्यांनी २००९ चा निकाल काढून पाहावा. त्या वर्षी काँग्रेसचे सत्यनारायण पटेल यांच्याविरुद्ध ताईंना मिळालेले मताधिक्य होते ११,४८०. सहा वेळा खासदार झालेल्या, केंद्रात मंत्री राहिलेल्या, घरोघरी ओळख असलेल्या बाईंना इंदुराने त्या साली धारेवर धरले होते. पुढच्याच खेपेस, २०१४ साली, त्याच पटेलांविरुद्ध त्याच ताईंना ४,६६,९०१ चे मताधिक्य मिळाले. मतदार तेच, उमेदवार तेच. पाच वर्षांत कौल किती फिरला! जो मतदार आपल्या लाडक्या माणसासही काठावर उभे करू शकतो आणि मग पुन्हा उचलून घेऊ शकतो, तोच खरा जागा मतदार. पारशी, जैन, मराठी आणि आता सिंधी अशा माणसांस या शहराने आपले म्हटले. परंतु आंधळेपणाने कोणासही म्हटले नाही. हा त्याचा लौकिक होता. २०२४ साली गमावले गेले ते हेच.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप असा की, जे झाले ते सर्व कायदेशीर झाले. मान्य. उमेदवारी मागे घेण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येक उमेदवारास दिलेला आहे. परंतु कायदेशीर असणे आणि उचित असणे या दोन गोष्टी एक असत्या, तर कायदे बदलण्याची गरज कधीच पडली नसती.

दुसरा आक्षेप असा की, तसेही निकाल तोच लागला असता. हेही आम्ही मान्य करतो. देपालपूर, सांवेर, राऊ आणि शहरातील क्रमांक १ ते ५ अशा ज्या आठ विधानसभा मतदारसंघांचा मिळून हा लोकसभा मतदारसंघ होतो, त्या आठांतही नोव्हेंबर २०२३ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षच विजयी झालेला होता. २०१९ साली लालवानी यांचे मताधिक्य ५,४७,७५४ होते. जय समोर उभा असता मग समोरच्यास उठविण्याचे प्रयोजन काय? हा प्रश्न आमचा एकट्यांचा नाही. खुद्द सुमित्राताईंनी या प्रकाराविषयी जाहीरपणे आश्चर्य व्यक्त केले. हे घडावयास नको होते आणि त्याची काही गरजही नव्हती, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्यांनी आयुष्यभर लढून जिंकले, त्यांस न लढता जिंकण्याची गोडी नसावी, हे स्वाभाविकच आहे. ज्या मराठी मंडळींना ताईंचा अभिमान वाटतो, त्यांनी तो केवळ त्यांच्या आडनावाचा न ठेवता त्यांच्या या बोलण्याचाही ठेवावा.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. बारा लाखांहून अधिक माणसांनी उन्हात रांगेत उभे राहून एका उमेदवाराच्या नावापुढील बटन दाबले, त्यांच्या मतांस आपण पोकळ म्हणता काय? मुळीच नाही. ती मते खरी आहेत. २०१९ च्या मानाने ती १,५८,१८२ नी वाढलेलीही आहेत. परंतु त्याच वेळी मतदान सुमारे ६९ टक्क्यांवरून सुमारे ६२ टक्क्यांवर उतरले, हेही खरे आहे. ज्यांच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलेलाच नाही त्यांनी काय निवडले, हे मोजता येते. त्यांनी काय नाकारले, हे मोजता येत नाही. आणि निवड ही नेहमी नकारासहच पुरी होत असते.

गोव्याच्या आमच्या वाचकांस ही गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण व दीव येथील जनतेने आपल्या भवितव्याचा कौल दिला. एका बाजूस फूल, दुसऱ्या बाजूस दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. ३४,०२१ मतांच्या फरकाने संघप्रदेश राहिला. त्या वेळी फुलावर शिक्का मारणारी आणि पानांवर शिक्का मारणारी अशी दोन्ही प्रकारची घरे आजही या मासिकाच्या वाचकांत आहेत. त्या दोघांची मने अद्याप एक झालेली नसतील; परंतु निकालाविषयी वाद कोणी घालीत नाही. का? हरलेल्यांचीही शिरगणती झाली, म्हणून. १,३८,१७० हा आकडा नोंदला गेला, म्हणूनच १,७२,१९१ या आकड्यास मोल आले. पराभूताचा आकडा हा विजयाच्या कागदावरील साक्षीदाराची सही असतो. साक्षीदारालाच फितविले, तर दस्तऐवज कितीही सुवाच्य अक्षरात लिहिलेला असो, त्याची किंमत काय?

इंदुरात ही साक्ष देण्याचा प्रयत्न मतदारांनी आपल्या परीने केला. १३ मे २०२४ रोजी २,१८,६७४ जणांनी 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे ज्यास आता सर्वजण 'नोटा' म्हणतात, त्यापुढील बटन दाबले. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या चौपटीहून ही मते अधिक होतात. याआधीचा उच्चांक बिहारमधील गोपालगंजचा होता, २०१९ सालचा. तो होता ५१,६६०. या २,१८,६७४ मतांचेही पोवाडे झाले. क्रांती झाली, असे कोणी म्हणाले. आम्हांस या पोवाड्यांतही भाग घेता येत नाही. एक तर काँग्रेसने आपला उमेदवार गमावल्यावर नोटाचाच प्रचार केला होता; तेव्हा त्यातील सर्व मते सात्त्विक संतापाची होती, असे धरून चालणे भाबडेपणाचे होईल. दुसरे, आणि महत्त्वाचे, हे की कायद्याच्या दृष्टीने त्या मतांचे वजन शून्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये नोटाचा हक्क दिला. परंतु उद्या शंभरातील नव्याण्णव मते नोटास पडली, तरी उरलेल्या एका मताचा धनी लोकसभेत जाऊन बसतो. नोटास मतमोजणीच्या टेबलाशी प्रतिनिधी नाही, त्याच्या बाजूने हरकत घेणारा कोणी नाही, अनामत नाही आणि पराभवही नाही. दोन लाख माणसांचा निषेध मोजावयाचा, छापावयाचा आणि बाजूस ठेवावयाचा. भिंतीवर डोके आपटले तर आवाज होतो, एवढ्यावरून भिंतीस दार आहे असे ठरत नाही.

मग दार करावयाचे कोठे? आमच्या मते तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी कायद्यास आधीच जागा आहे.

पहिले ठिकाण माघारीचे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक तरतूद अशी आहे की, मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी मरण पावला तर मतदान पुढे ढकलले जाते आणि त्या पक्षास नवा उमेदवार देण्यासाठी सात दिवसांची मुदत मिळते. म्हणजे पक्षाचा उमेदवार हा केवळ एक व्यक्ती नसून त्याच्यामागील मतदारांचाही त्यात काही हक्क आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केलेले आहे. मग यमदूताने नेलेल्या उमेदवाराच्या जागी दुसरा उभा करता येतो, आणि प्रतिपक्षाने नेलेल्या उमेदवाराच्या जागी मात्र येत नाही, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? अखेरच्या दिवशी मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार माघार घेईल तर त्या पक्षास हीच सवलत मिळावी. इंदुरात माघारीनंतर मतदानास पुरते चौदा दिवस होते.

याच ठिकाणी आमच्या बेळगावकर वाचकांचाही या प्रकरणाशी जो संबंध पोहोचतो, तो सांगितला पाहिजे. पर्यायी उमेदवाराचा अर्ज बाद झाला, कारण मुख्य उमेदवाराचा अर्ज ग्राह्य ठरल्यावर पर्यायी माणसास पक्षाचा उमेदवार म्हणून उभे राहता येत नाही, आणि पक्षाचा नसलेल्या उमेदवाराच्या अर्जावर दहा सूचकांच्या सह्या लागतात. त्या सह्या त्याच्या अर्जावर नव्हत्या. ही दहा सूचकांची अट आली १९९६ साली. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत नळगोंड्यात ४८०, तर बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले होते. बेळगावचे ते उमेदवार हौशीने उभे राहिलेले नव्हते. सीमाप्रश्नाची दाद दिल्लीने घ्यावी म्हणून मराठी माणसाने मतपत्रिकेचाच निषेधपत्र म्हणून उपयोग केला होता. सरकारने त्यावर काय केले? प्रश्न सोडविला नाही. अनामत वाढविली आणि सूचक वाढविले. उमेदवार फार झाले, ही व्याधी तत्काळ दिसली आणि तिच्यावर त्याच वर्षी उपाय झाला. उमेदवार नाहीसे होतात, ही व्याधी आज त्याहून घातक आहे. तिच्यावरील उपाय मात्र कोणास सुचत नाही. गर्दीची भीती वाटणाऱ्या व्यवस्थेस शुकशुकाटाची भीती वाटू नये, यातच तिची मनोवृत्ती उघड होते.

दुसरे ठिकाण नोटाचे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये असा आदेश काढला की, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत नोटास सर्वाधिक मते पडल्यास ती निवडणूक पुन्हा घ्यावी. नगरपालिकेच्या प्रभागास जो मान दिला गेला, तो लोकसभेच्या मतदारसंघास का नसावा? इंदुरात नोटास सर्वाधिक मते मिळाली नव्हती, तेव्हा या नियमानेही तेथील निकाल बदलला नसता, हे आम्ही जाणतो. परंतु नोटास अर्थ आहे हे ठाऊक असते, तर समोरच्या पक्षास त्याविरुद्ध प्रचार करावा लागला असता, मतदारांची समजूत घालावी लागली असती. तेवढीच लढत झाली असती.

तिसरे ठिकाण बिनविरोध निवडीचे. इंदूरच्या आधी आठवडाभर, २२ एप्रिल २०२४ रोजी, सुरतेत मुकेश दलाल यांस बिनविरोध निवडून आल्याचे घोषित करण्यात आले. तेथे काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी 'या सह्या आमच्या नव्हेत' असे सांगितले, अर्ज बाद झाला, आणि उरलेल्या सर्वांनी माघार घेतली. सुरतेत तर नोटाचे बटनही मतदारांपुढे आले नाही, कारण मतदानच झाले नाही. तेथील मराठी कारागीर आणि कामगार, आणि त्यांच्याबरोबर लाखो गुजराती मतदार, त्या वर्षी मतदार असून नसल्यासारखे झाले. उमेदवार एकच उरला तरी त्यास नोटाविरुद्ध मतांनी जिंकावे लागेल, असा नियम झाला पाहिजे.

काँग्रेसलाही आम्ही सोडू इच्छीत नाही. ज्या पक्षास एका मोठ्या शहरात अखेरच्या घटकेपर्यंत टिकेल असा एक उमेदवार मिळत नाही, आणि पर्यायी उमेदवाराच्या अर्जावर दहा सह्या घेण्याइतकी दक्षता ज्याच्या कार्यकर्त्यांजवळ उरलेली नाही, त्याने लोकशाहीच्या हत्येविषयी शोक करण्यापूर्वी आपल्या कचेरीतील धूळ झाडावी. किल्ल्याचा दरवाजा शत्रूने फोडला की आतून उघडला गेला, हा प्रश्न इतिहासकार विचारल्याशिवाय राहत नाहीत.

आता थोडे आमच्याच घरात पाहू. 'बिनविरोध' हा शब्द आपणां मराठी माणसांस फार गोड लागतो. पतपेढीची निवडणूक बिनविरोध झाली, मंडळाचे अध्यक्ष बिनविरोध आले, गावची पंचायत बिनविरोध झाली, असे सांगताना आपला ऊर भरून येतो. एकोपा दिसतो, खर्च वाचतो, वैर टळते. हे सर्व खरे. परंतु अनेकदा त्या एकोप्याखाली काय दडलेले असते, हे ज्यांनी संस्था चालविल्या आहेत त्यांस ठाऊक आहे: कोणास तरी गप्प बसविलेले असते, कोणास तरी पुढल्या खेपेचे वचन दिलेले असते, कोणी तरी कंटाळून निघून गेलेला असतो. घरगुती संस्थेत हे चालून जाते. लोकसभेत चालू दिले, तर उद्या तीच रीत होईल.

आणि ती रीत झाली तर सर्वांत अधिक नुकसान कोणाचे? थोड्यांचे. महाराष्ट्राबाहेर शतकानुशतके वसलेल्या आम्हां मराठी माणसांचे. तसेच सिंध्यांचे, पारशांचे, गिरणीकामगारांच्या चाळींचे. इंदुरात मराठी मते केवळ स्वतःच्या बळावर कोणास निवडून देऊ शकत नाहीत. ताईंचे आठ विजयही हिंदी आणि माळवी बोलणाऱ्या बहुसंख्य शेजाऱ्यांनी दिलेले आहेत. अशा समाजाचे वजन एकाच गोष्टीने वाढते: लढत अटीतटीची असेल तर. मताधिक्य ११,४८० असते तेव्हा रामबागेतील एका वाड्याचे आणि लोकमान्य नगरातील एका गल्लीचे मत मागण्यासाठी उमेदवारास जिने चढावे लागतात. शाळेतील मराठी वर्गाची, वाचनालयाच्या जागेची, रखडलेल्या निवृत्तिवेतनाची गोष्ट ऐकून घ्यावी लागते. मताधिक्य ११,७५,०९२ असते तेव्हा कोणाच्याही जिन्याशी कोणाचे काही काम उरत नाही.

हे केवळ अनुमान नव्हे. ज्या गिरणीकामगारांनी १९६२ साली दाजींना दिल्लीस पाठविले, त्यांच्या पुढच्या पिढीची कथा पाहा. हुकुमचंद गिरणी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांची देणी २५ डिसेंबर २०२३ रोजी, सुमारे २२४ कोटी रुपये, त्यांच्या हाती पोहोचण्याचा योग आला. मध्ये बत्तीस वर्षे गेली. या बत्तीस वर्षांत राज्यात दोन्ही पक्षांची सरकारे येऊन गेली. अनेक कामगार ती रक्कम पाहावयास उरले नाहीत. गिरण्या मिटल्या तशी त्यांच्या मतांची एकजूट मिटली, आणि ज्यांच्या मतांवाचून कोणाचे अडत नाही त्यांचे दुःखही कोणास तातडीचे वाटत नाही. ज्या दिवशी लढत संपते, त्या दिवशी सगळ्याच समाजांची अशी गिरणी बंद पडते.

पराभवाची एवढी धास्ती राजकारणी पुरुषांस का वाटावी, हेही आम्हांस उमगत नाही. ग्वाल्हेरात १९८४ साली अटलबिहारी वाजपेयी माधवराव शिंद्यांकडून हरले; पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले. ताई १९८५ साली हरल्या. पुढे लोकसभेच्या सर्वोच्च आसनावर बसल्या. आपल्याच माळव्याच्या परिसरातील ही दोन उदाहरणे डोळ्यांपुढे असताना, पराभव टाळण्यासाठी मैदान सोडणे किंवा विजय निश्चित करण्यासाठी मैदान रिकामे करविणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच भ्याडपणाच्या ठरतात.

इंदूरच्या, सुरतेच्या आणि अन्य नगरांतील मराठी मंडळांस, वाचनालयांस व साहित्य सभांस आमची विनंती आहे की, त्यांनी हा विषय कोणत्याही पक्षाचा न समजता आपला समजावा. माघारीनंतर सात दिवसांची मुदत, नोटाच्या मतांस परिणाम आणि एकट्या उमेदवारासही मतदानाची सक्ती, या तीन मागण्यांचे ठराव आपापल्या वार्षिक सभांत करून ते निवडणूक आयोगाकडे आणि संसदेतील आपल्या प्रतिनिधींकडे धाडावेत. ते ठराव मात्र बिनविरोध करू नयेत. ज्यांचा त्यांस विरोध असेल त्यांस बोलू द्यावे, मते घ्यावीत, आणि दोन्ही बाजूंचे आकडे इतिवृत्तात नोंदवावेत.